अवकाशयानाच्या परतीच्या वाटेचा हिशेब

मालमोटारीच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला विचारले तर तो सांगेल की, नुसत्या जाण्याच्या भाड्यावर खूश होणारा मालक या धंद्यात फार दिवस टिकत नाही. गाडी परत कशी येणार, भरलेली की रिकामी, किती दिवसांनी येणार आणि तोवर तिच्यावर होणारा खर्च कोण सोसणार, हे ज्याने आधी पाहिले तोच तरतो. या व्यवहारज्ञानासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. परंतु ज्या योजनेसाठी नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी आकडेमोड केली आणि जी राबविण्यासाठी एका संपन्न राष्ट्राने तीस वर्षे आपली बुद्धी व संपत्ती खर्ची घातली, त्या अमेरिकेच्या ‘स्पेस शटल’ योजनेत, म्हणजेच अवकाश फेरीयानाच्या योजनेत, परतीची वाट हाच एक दुबळा दुवा राहून गेला.

हे फेरीयान फ्लॉरिडा राज्यातील केनेडी अवकाश केंद्रावरून अग्निबाणाप्रमाणे उभे उडत असे, दीड तासाला एक या गतीने पृथ्वीप्रदक्षिणा करीत असे आणि काम संपल्यावर पंखांच्या आधाराने विमानासारखे धावपट्टीवर उतरत असे. १९८१ ते २०११ या काळात अशी १३५ उड्डाणे झाली. ‘चॅलेंजर’ आणि ‘कोलंबिया’ ही दोन याने त्यांतील माणसांसह नष्ट झाली. उरलेल्या १३३ वेळा यान सुखरूप उतरले. मात्र जेथून पुन्हा उडायचे त्या फ्लॉरिडात ते उतरले फक्त ७८ वेळा. ५४ वेळा ते कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावर उतरले आणि एकदा न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे. कॅलिफोर्निया पश्चिम किनाऱ्यावर, फ्लॉरिडा देशाच्या आग्नेय टोकाला. मध्ये साडेतीन हजार किलोमीटरांचे अंतर. पाऊण तासात अर्धी पृथ्वी ओलांडणाऱ्या यानाला हे अंतर स्वतःच्या बळावर तसूभरही कापता येत नसे. त्याची मोठी इंजिने ज्या टाकीतील इंधनावर चालत ती टाकी वर जातानाच टाकून दिलेली असे. जमिनीवर परत येताना ते केवळ एक अवजड ग्लायडर असे. एकदा टेकले की तेथेच बसले.

तेव्हा पालखीत बसलेल्या संस्थानिकासारखे त्याला कोणीतरी खांद्यावरून घरी नेणे प्राप्त होते. तो भोई होता एक जुने, वापरलेले प्रवासी विमान.

जुने विमान, नवा भार

फेरीयानाच्या सुरुवातीच्या आराखड्यांत त्याला साधी जेट इंजिने बसविण्याचा विचार होता. म्हणजे अवकाशातून उतरल्यावर ते एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर आपले आपण उडत गेले असते. पण इंजिनांचे व त्यांच्या इंधनाचे वजन वर न्यायचे तर तेवढा उपयुक्त माल खाली ठेवावा लागणार. वर्षातून काही वेळा लागणाऱ्या सोयीसाठी प्रत्येक फेरीत भुर्दंड भरणे शहाणपणाचे नव्हते. इंजिने गळली आणि प्रश्न उरला. रस्त्याने न्यावे तर यान ३७ मीटर लांब, पंखांच्या टोकांमधील अंतर २४ मीटर आणि वजन ८० टनांच्या आसपास. जलमार्गाने पनामा कालव्यातून न्यावे तर आठवडे मोडणार. उरला आकाशमार्ग.

तेथेही पर्याय कमी नव्हते. दोन धडांचे एक अजस्र विमान खास याच कामासाठी बांधावे, अशीही एक सूचना पुढे आली होती. अमेरिकन हवाई दलाचे ‘सी-५ गॅलेक्सी’ हे प्रचंड मालवाहू विमान तयारच होते. परंतु त्याचे पंख धडाच्या वरच्या अंगाला आणि शेपटीचे आडवे पंख पार शेंड्यावर. पाठीवरून यान सुटताना त्या शेपटीला अडखळण्याचे भय. शिवाय ते विमान हवाई दलाच्या मालकीचे राहणार, म्हणजे आपल्या गरजेच्या वेळी दुसऱ्याच्या दारात उभे राहणे आले. बोइंग ७४७, ज्याला आपण जंबो जेट म्हणून ओळखतो, त्याचे पंख खालच्या अंगाला असतात, पाठ मोकळी असते आणि ते बाजारात वापरलेले मिळत होते. पाठीवर यान घेऊन उडता येईल, ही गोष्ट नासाच्या ह्यूस्टन येथील केंद्रातील जॉन कायकर या अभियंत्याने रेडिओवर चालणारी छोटी प्रतिरूपे स्वतः उडवून दाखवून दिली. कायकर यांना विमानांची प्रतिरूपे करण्याचा छंद होता. छंदाने शासकीय निर्णयाला असा हात दिल्याची उदाहरणे फार नसावीत.

१९७४ मध्ये नासाने ‘अमेरिकन एअरलाइन्स’कडून एक जुने ७४७ विकत घेतले. १९७६ मध्ये बोइंग कंपनीने त्यात फेरफार केले. आतील खुर्च्या, स्वयंपाकाची सोय, सजावट असे बहुतेक सर्व काही काढून टाकण्यात आले. पुढच्या भागातील थोड्या खुर्च्या तेवढ्या कर्मचाऱ्यांसाठी ठेवल्या. धड मजबूत केले, इंजिने अधिक शक्तीची केली. पाठीवर तीन टेकू उभारले, एक पुढे आणि दोन मागे. यान उड्डाणाच्या वेळी आपल्या इंधनटाकीला ज्या खाचांनी जोडलेले असे, त्याच खाचा या टेकूंवर बसत. त्यामुळे यानात नवे काहीच करावे लागले नाही. पाठीवरच्या ओझ्यामुळे शेपटीच्या उभ्या सुकाणूवर येणारी हवा बिघडते आणि विमान डावी-उजवीकडे स्थिर राहत नाही. म्हणून शेपटीच्या आडव्या पंखांच्या दोन्ही टोकांना आणखी दोन उभे पंख लावले. पूर्वीच्या मालकाचे रंगीत पट्टे मात्र या विमानाच्या अंगावर पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले. टेकूपाशी कोणा विनोदी कामगाराने सूचना लिहून ठेवली होती: ‘यान येथे जोडावे. टीप: काळी बाजू खाली.’ यानाच्या पोटाकडच्या फरश्या काळ्या असतात, हे ठाऊक असलेल्याला त्यातील गंमत कळेल.

या साऱ्यातला निर्णय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखा आहे. ज्याचा दुसरा उपयोग नाही असे भांडवल उभारण्याऐवजी, असलेल्या भांडवलाला थोडे वळवून घ्यावे, हा तो निर्णय. तो योग्यच होता. पुढे १९८८-८९ च्या सुमारास दुसरे विमान हवे झाले, तेव्हाही नासाने ‘जपान एअरलाइन्स’चे वापरलेले ७४७ घेतले आणि तसेच बदलून घेतले.

पाठीवरचे ओझे

या जोडीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये झाली. ‘एंटरप्राइज’ हे अवकाशात कधीही न गेलेले चाचणी-यान त्या वर्षी १८ फेब्रुवारीला प्रथम ७४७ च्या पाठीवर बसून उडाले. १२ ऑगस्टला फ्रेड हेझ आणि गॉर्डन फुलर्टन या वैमानिकांनी ते उंचावर पाठीवरून सोडवून घेतले आणि एकट्याने खाली उतरविले. या सुटकेसाठी पुढचा टेकू मुद्दाम उंच ठेवला होता, म्हणजे यानाचे नाक वर राहून हवाच त्याला उचलून धरील. खाली ७४७ फिट्झ्यू फुल्टन आणि टॉमस मॅकमर्ट्री यांच्या हाती होते. अशी पाच उड्डाणे झाली. ती यशस्वी झाली आणि मग या विमानाच्या नशिबी आले ते रोजचे हमालीचे काम. खरी कसोटी लागली ती येथे.

पहिली अडचण अंतराची. ओझ्याविना हे विमान दहा हजार किलोमीटर न थांबता जाऊ शके. यान पाठीवर घेतले की ही मजल सुमारे १,८५० किलोमीटरांवर येई. त्यामुळे कॅलिफोर्नियाहून फ्लॉरिडास जाताना वाटेत इंधनासाठी थांबे घ्यावे लागत. २००७ च्या जुलैत ‘अटलांटिस’ नेले गेले ते टेक्सासमधील ॲमरिलो, नेब्रास्कातील ऑफट तळ आणि केंटकीतील फोर्ट कॅम्पबेल अशी वळणे घेत, तीन दिवसांत. आपल्याकडच्या जुन्या पॅसेंजर गाडीची आठवण व्हावी असा हा प्रवास. गंमत अशी की, ओझे उतरवून रिकामे परतताना विमानाचा तोल सांभाळण्यासाठी त्यात मुद्दाम वजन भरावे लागे.

दुसरी अडचण उंचीची. प्रवासी विमाने पस्तीस हजार फुटांवरून, पातळ हवेतून, ढगांच्या वरून जातात. हे जोडविमान पंधरा हजार फुटांच्या वर चढू शकत नसे आणि वेगाची मर्यादा आवाजाच्या वेगाच्या सहा-दशांश. खालची हवा दाट, म्हणून रोध अधिक, म्हणून इंधन अधिक. पण त्याहून महत्त्वाचे असे की, या उंचीवर हवामान टाळता येत नाही. ढग, पाऊस, वादळ सारे याच थरात असते.

आणि पाऊस तर या यानाचा हाडवैरी. यानाच्या अंगावर सिलिकाच्या तंतूंच्या सुमारे तीस हजार फरश्या चिकटविलेल्या असत. वातावरणात शिरतानाची प्रचंड उष्णता त्या सहन करीत. पण वजनाला इतक्या हलक्या की त्यांच्या आकारमानाचा सुमारे नव्वद टक्के भाग म्हणजे नुसती हवा. ताशी शेकडो किलोमीटर वेगाने आपटणारा पावसाचा थेंब त्यांना खड्डे पाडू शके. त्यांना जलरोधक करण्यासाठी आत एक रसायन भरलेले असे, पण परतताना सोसलेल्या उष्णतेत ते जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नव्याने भरावे लागे. म्हणजे आगीतून तावून निघालेले यान नेमके घरच्या वाटेवर पाण्याला भीत असे. त्यामुळे या जोडविमानाने दिवसाउजेडी आणि स्वच्छ हवेतच उडावे असा नियम होता. सुमारे १६० किलोमीटर पुढे दुसरे एक विमान वाट पाहत जाई आणि ढग दिसले की मागच्याला कळवी. मागच्याने वळावे, किंवा उतरून थांबावे.

फरश्यांचे हे प्रकरण किती नाजूक आहे, याचा इशारा पहिल्या अवकाश उड्डाणाच्या दोन वर्षे आधीच मिळाला होता. मार्च १९७९ मध्ये ‘कोलंबिया’ कारखान्यातून प्रथमच फ्लॉरिडाला न्यायचे होते. ७४७ च्या पाठीवर बसवून एक चाचणी-फेरी मारली तर कित्येक फरश्या वाऱ्याने उडून गेल्या. त्यांतील अनेक तात्पुरत्या लावलेल्या होत्या हे खरे, पण जे कवच अवकाशातून येताना यान वाचविणार ते साध्या हवाई प्रवासात गळावे, ही गोष्ट डोळ्यांत अंजन घालणारी होती. महिनाअखेरीपर्यंत यान फ्लॉरिडात पोहोचले. परंतु फरश्यांची दुरुस्ती व पक्की जोडणी यांत आणखी दोन वर्षे गेली आणि पहिले उड्डाण १२ एप्रिल १९८१ ला झाले. त्या अर्थाने पाठीवरचा प्रवास ही यानाची पहिली प्रामाणिक परीक्षा ठरली.

याशिवाय यानाच्या बोथट पार्श्वभागाचा त्रास होता. तेथे तीन मोठ्या इंजिनांची तोंडे उघडी असत. त्यांच्यामागे उठणारे हवेचे भोवरे थेट ७४७ च्या शेपटीवर आदळून ती थरथरू लागे. उपाय म्हणून प्रवासापूर्वी यानाच्या मागे एक भले मोठे निमुळते टोपण बसवीत.

उचलणे आणि बसविणे हे तर स्वतंत्र प्रकरणच. एडवर्ड्स येथे सुमारे शंभर फूट उंचीची पोलादी चौकट उभारली होती, तसलीच फ्लॉरिडात. तिच्यात यान उचलून धरायचे, खाली विमान सरकवायचे आणि इंचाइंचाने यान टेकूंवर टेकवायचे. त्याआधी यानातील विषारी इंधनांचे अवशेष काढणे, टोपण बसविणे, विद्युतजोडण्या तपासणे. सुमारे १७० माणसांना या तयारीस आठवडा लागे. ३० मार्च १९८२ ला एडवर्ड्सची मैदाने पावसाने भिजली म्हणून ‘कोलंबिया’ व्हाइट सँड्सला उतरविण्यात आले, तेव्हा तेथे अशी चौकट नव्हती. साहित्य आगगाडीने आणावे लागले, याऱ्यांनी यान उचलावे लागले आणि मधल्या काळात तेथील जिप्समची पांढरी धूळ यानाच्या सांध्यासांध्यांत जाऊन बसली. नासाने यान त्या जागी पुन्हा उतरविले नाही, यात आश्चर्य नाही.

खर्च पैशाचा आणि दिवसांचा

एवढे सारे वाचल्यावर कोणाच्याही तोंडी ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण येईल. पण ती येथे लागू पडत नाही, हे सांगितले पाहिजे. अखेरच्या वर्षांत अशा एका पाठवणीचा खर्च सतरा-अठरा लाख डॉलर सांगितला जाई. रक्कम सामान्य माणसाला मोठी. पण साऱ्या योजनेवर तीस वर्षांत सुमारे दोनशे अब्ज डॉलर खर्च झाले. १३५ उड्डाणांत तो विभागला तर एका उड्डाणाला दीड अब्ज डॉलर पडतात. त्यात सतरा लाख म्हणजे हजारात एकाच्या आसपास. मसाला स्वस्तच होता, कोंबडी महाग होती.

तर मग दुबळा दुवा कोणता? तो पैशाचा नव्हे, दिवसांचा.

फेरीयानाची सारी आर्थिक मांडणी एकाच गृहीतावर उभी होती: यान पुन्हा पुन्हा आणि लवकर लवकर उडेल. १९७१-७२ मध्ये ‘मॅथेमॅटिका’ या संस्थेने नासासाठी जो आर्थिक अभ्यास केला, त्याचे कर्ते क्लाउस हाइस आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न हे होते. मॉर्गेनस्टर्न म्हणजे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्यासह द्यूतसिद्धांताचा पाया घालणारे अर्थशास्त्रज्ञ. नाव लहान नव्हे. त्या अभ्यासात १९७८ ते १९९० या काळात पाचशेहून अधिक उड्डाणे धरली होती, म्हणजे वर्षाला सरासरी चाळीस. यंत्र महाग असले तरी ते भरपूर राबविले की दर फेरीचा बोजा हलका होतो, हा गिरणीमालकापासून शिंप्यापर्यंत सर्वांना ठाऊक असलेला नियम. त्यासाठी एक यान उतरल्यापासून १६० कामाच्या तासांत, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत, पुन्हा उडण्यास सज्ज व्हावे, असे उद्दिष्ट ठरले होते.

आता हे गणित एडवर्ड्सच्या मैदानावर नेऊन पाहावे. दोन आठवड्यांपैकी एक आठवडा यान विमानावर चढविण्यातच जाणार. मग प्रवासाचे दोन-तीन दिवस. ढग आले तर अधिक. मग फ्लॉरिडात उतरवून घेणे. यानाची खरी देखभाल सुरू होण्यापूर्वीच मुदतीचा मोठा भाग संपलेला. प्रत्यक्षात देखभालीलाच महिने लागू लागले, म्हणून परतीचा हा आठवडा कोणाला फारसा खुपला नाही, ही गोष्ट वेगळी. एका यानाच्या दोन उड्डाणांमधील सर्वांत कमी अंतर ५४ दिवसांचे आहे. ‘अटलांटिस’ ३ ऑक्टोबर १९८५ ला उडाले, एडवर्ड्सला उतरले, ७४७ वरून घरी आले आणि २६ नोव्हेंबरला पुन्हा उडाले. त्या वर्षी एकूण नऊ उड्डाणे झाली. तेवढी नंतर कधीच झाली नाहीत. चाळीस तर दूरच.

येथे कोणी विचारील की, मग यान मुळात फ्लॉरिडातच का उतरविले नाही? तेथे साडेचार किलोमीटर लांबीची उत्तम धावपट्टी बांधलेली होती आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये यान तेथे प्रथम उतरलेही. परंतु फ्लॉरिडाचे हवामान लहरी आणि धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना पाणथळ. इंजिन नसलेल्या यानाला दुसरा प्रयत्न करता येत नाही. एप्रिल १९८५ मध्ये आडव्या वाऱ्यात उतरताना ‘डिस्कव्हरी’चे टायर फुटले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे एडवर्ड्सच्या विस्तीर्ण कोरड्या तलावाची कास धरण्यात आली. माणसांच्या जिवापुढे एक आठवडा व काही लाख डॉलर सोडून देणे हाच शहाणपणा होता. त्या निर्णयाला दोष देता येणार नाही.

दोष आहे तो आधीच्या कागदावर. एडवर्ड्सला उतरणे हा कधीतरी ओढवणारा प्रसंग आहे, असे कागदावर धरले गेले. प्रत्यक्षात दर शंभरातील चाळीस वेळा ते घडले. शंभरात चाळीस वेळा घडणाऱ्या गोष्टीला अपवाद म्हणता येत नाही. तो कामाचाच भाग असतो आणि त्याची जागा अंदाजपत्रकाच्या तळटीपेत नव्हे, मुख्य रकान्यात असते. धरण, कारखाना, रेल्वेमार्ग अशा आपल्याकडील मोठ्या सार्वजनिक कामांच्या अंदाजपत्रकांतही हा दोष ओळखीचा आहे. फेरीयानाचे उदाहरण मोठे एवढेच.

सोव्हिएत ‘स्वप्न’

सोव्हिएत संघापुढे हाच प्रश्न आला तेव्हा त्याने दुसरी वाट धरली. त्यांचे ‘बुरान’ यान मॉस्कोच्या परिसरात तयार होई आणि उडणार होते कझाखस्तानातील बैकानूरहून. त्याच्या ‘एनर्गिया’ अग्निबाणाचे सुटे भागही इतके जाड की ते रेल्वेने नेणे अशक्य. प्रथम एका जुन्या बाँबफेकी विमानाच्या पाठीवरून काम भागविले. पण ते पन्नास टनांपलीकडे उचलीत नसे, म्हणून यान अर्धवट अवस्थेत न्यावे लागे. तेव्हा कीव्ह येथील अंतोनोव्ह संस्थेने खास विमान उभारले. सहा इंजिने, ३२ चाके, उड्डाणवेळचे वजन ६४० टनांपर्यंत. शेपटीला मुद्दाम दोन टोकांना दोन उभे पंख, म्हणजे पाठीवरच्या ओझ्यामागचे भोवरे मधून निघून जातील. अमेरिकनांनी जुन्या विमानाला ठिगळ लावून जे साधले, ते येथे मूळ आराखड्यातच होते. विमानाचे नाव ‘म्रिया’. युक्रेनी भाषेत त्याचा अर्थ स्वप्न.

हे विमान प्रथम उडाले २१ डिसेंबर १९८८ ला. त्याच्या महिनाभर आधी, १५ नोव्हेंबरला, बुरान माणसांविना दोन प्रदक्षिणा घालून परतले होते. ते बुरानचे पहिले उड्डाण आणि तेच शेवटचे. १९८९ मध्ये म्रियाने बुरानला पाठीवर घेऊन पॅरिसच्या विमान प्रदर्शनात हजेरी लावली. मग सोव्हिएत संघ मोडला, योजना बारगळली आणि नाकापेक्षा जड झालेला मोती गळून पडून नाकच तेवढे उरले. २००२ मध्ये बैकानूरच्या गोदामाचे छप्पर कोसळून बुरानचा चुराडा झाला. आठ कामगार दगावले.

एकाच कामासाठी केलेली गुंतवणूक ते काम संपल्यावर मातीमोल होते, असे पाठ्यपुस्तक सांगते. म्रियाने ते खोटे पाडले. काही वर्षे धूळ खात पडल्यावर २००१ मध्ये ते विमान पुन्हा उडू लागले आणि जगातील इतर कोणतेही विमान उचलू शकणार नाही असा माल वाहून नेण्याचा धंदा त्याने वीस वर्षे केला. मे २०१६ मध्ये ११७ टनांचे एक जनित्र प्राग शहराहून ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे नेताना ते हैदराबादच्या विमानतळावर उतरले, तेव्हा ते पाहण्यास लोटलेली गर्दी अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हजवळील होस्तोमेलच्या विमानतळावर युद्धात ते नष्ट झाले. त्या जातीचे पुरे झालेले ते एकच विमान होते. उलट अमेरिकन ७४७ ला यान गेल्यावर दुसरे काम मिळाले नाही. तेव्हा कोणाची निवड चुकली आणि कोणाची नाही, हे नियमाच्या एका ओळीत बसविण्याची घाई न केलेली बरी.

भारताचा धागा

या सर्व प्रकरणाशी भारताचा संबंध केवळ प्रेक्षकाचा नाही. ‘इन्सॅट-१ अ’ हा उपग्रह १९८२ मध्ये काही महिन्यांतच निकामी झाल्यावर सारी भिस्त ‘इन्सॅट-१ ब’वर होती. तो ३० ऑगस्ट १९८३ ला ‘चॅलेंजर’ या फेरीयानातून वर गेला. त्याच्याच बळावर दूरदर्शनचे जाळे देशभर पसरले आणि १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम महाविद्यालयांपर्यंत पोहोचू लागले. लातूर-परभणीच्या महाविद्यालयांत दुपारी दूरचित्रवाणी संचापुढे बसलेल्या विद्यार्थ्यांना ज्या यानाने हा उपग्रह वर सोडला, ते ५ सप्टेंबरला रात्री एडवर्ड्सला उतरले आणि पुढचा प्रवास त्याने ७४७ च्या पाठीवरून केला. इन्सॅटच्या भाड्यात त्या परतीचाही वाटा अप्रत्यक्षपणे होताच.

भारतीय अवकाश संशोधन संघटनेने पंख असलेल्या आपल्या छोट्या प्रायोगिक यानासाठी तर वाहकाची निराळीच युक्ती केली. २ एप्रिल २०२३ ला कर्नाटकातील चित्रदुर्गजवळ हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने हे यान साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले आणि ते आपोआप धावपट्टीवर उतरले. पुढे २०२४ मध्ये मार्च व जून महिन्यांत आणखी दोन चाचण्या झाल्या. जे ‘एंटरप्राइज’ने जंबो जेटवरून केले तेच येथे हेलिकॉप्टरच्या दोरखंडाने, आणि माणूस न बसविता. मोठे यान बांधण्याआधी छोट्यावर शिकून घेण्याची ही रीत स्वस्त तर आहेच. शिवाय उतरण्याचा प्रश्न आधी सोडवायचा, हा क्रमही त्यात आहे.

अखेरची मिरवणूक

२०११ मध्ये फेरीयानांची उड्डाणे संपली आणि २०१२ मध्ये जुन्या ७४७ ने शेवटची ओझी वाहिली. १७ एप्रिलला ‘डिस्कव्हरी’ वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयाकडे गेले, दहा दिवसांनी ‘एंटरप्राइज’ न्यूयॉर्कला. सप्टेंबरात ‘एंडेव्हर’ फ्लॉरिडाहून लॉस एंजेलिसला निघायचे होते, तर वाटेवर ढग म्हणून प्रस्थान दोन दिवस पुढे ढकलावे लागले. यान पुन्हा कधीही उडणार नव्हते, तरी पावसाचा नियम पाळला गेला. ह्यूस्टन, एल पासो, एडवर्ड्स असे थांबे घेत ते २१ सप्टेंबरला लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतरले.

संग्रहालय तेथून अवघे १९ किलोमीटर. तो प्रवास ऑक्टोबरात शहराच्या रस्त्यांवरून, चाकांच्या गाड्यावर झाला. पंख दोन्ही बाजूंच्या घरांना लागत म्हणून गाडा मुंगीच्या पावलांनी चाले, विजेच्या तारा उचलून धराव्या लागत आणि वाटेतील सुमारे चारशे झाडे आधीच तोडावी लागली होती. खंड ओलांडण्यास जेवढे दिवस लागले, जवळजवळ तेवढेच या १९ किलोमीटरांना लागले.